फोटोखालची ओळ

१८४८ साली पुण्यात, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्या शाळेचा फोटो उपलब्ध नाही. मुली कुठे बसत, उजेड कोणत्या अंगाने येई, सावित्रीबाई उभ्या राहून शिकवत की मुलींसोबत जमिनीवर बसून, हे दाखवणारे त्या वेळचे काही आपल्या हाती नाही. ३ जानेवारीला शाळाशाळांतून जिला हार घातला जातो ती सावित्रीबाईंची तसबीर बहुतेक ठिकाणी चित्रकाराच्या हातची असते. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो जीर्ण वाडाही पाडला गेला. वर्तमानपत्रांत तेव्हा वाड्याचे फोटो आले ते मोडकळीला आलेल्या इमारतीचे. शाळा त्यात शोधून सापडत नव्हती.

फुल्यांच्याच शाळेत शिकणारी एक मुलगी मात्र आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. मुक्ता दिसायला कशी होती ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तिने काय विचारले ते आजही वाचता येते, आणि ते तिनेच विचारले हेही ठाऊक असते, कारण निबंधाबरोबर तिचे नाव टिकले. उलट राज्यातल्या किती तरी शाळांच्या भिंतींवर काचेमागे हजारो चेहरे जपलेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आता कुणालाच सांगता येत नाहीत. जुन्या शाळा-कॉलेजांच्या फोटोंची हौस अलीकडे खूप वाढली आहे. शताब्दी आली की प्रदर्शन भरते, कॉफी टेबल पुस्तक निघते. मला त्याचा आनंदच आहे. पण फोटोइतकीच, खरे तर फोटोच्याही आधी, त्याखालची नावांची ओळ जपायला हवी. ती ओळ गेली की फोटो भिंतीची शोभा होऊन राहतो.

१८४८ चा फोटो का नाही, याचे एक कारण सरळ आहे. फोटो काढायची विद्या तेव्हा जगातच जेमतेम दहा वर्षांची होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय केला आणि नाव कमावले. म्हणजे आपल्याकडे ही कला इतक्या लवकर शिक्षणसंस्थेत शिकवली गेली. तरी तिचा डोळा सामान्य शाळेतल्या पोरांकडे वळायला बराच काळ जावा लागला. काच रसायनात भिजवायची, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची, त्यासाठी अंधाऱ्या तंबूचे बिऱ्हाड सोबत वागवायचे, असा तो मामला होता. काही सेकंद निश्चल राहील असा विषय लागे. इमारत हलत नाही. आणि इमारतीच्या धन्याकडे पैसा असतो.

म्हणूनच त्या काळातली शिक्षणाची म्हणून जी छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो त्यांत कमानी, मनोरे आणि जिने फार. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. तो इतक्यांदा टिपला गेला आहे की विद्यापीठ म्हटले की डोळ्यांपुढे घड्याळच उभे राहते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या इमारतीचेही तसेच. त्या इमारतींत पहिल्या काही वर्षांत कोण शिकले हे मात्र आपल्याला कळते ते विद्यापीठाच्या कॅलेंडरांतून आणि निकालपत्रांतून, म्हणजे छापील नावांतून.

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत या बाबतीत फार बोलकी आहे. गणेशखिंडीतले हे बांधकाम १८६४ साली, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना सुरू झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. पावसाळ्यात मुंबईच्या गव्हर्नराने पुण्यात राहावे म्हणून हे गव्हर्न्मेंट हाउस उभे राहिले. उंच मनोरा, लांब व्हरांडे, आखीव बाग असे या इमारतीचे जुने फोटो आजही आपण विद्यापीठाचे जुने फोटो म्हणून एकमेकांना पाठवतो. ते विद्यापीठाचे फोटो नाहीत. ते एका राज्यकर्त्याच्या घराचे फोटो आहेत. बाग कुणी राखली, घोडे कुणी धरले, पंखे कुणी ओढले त्या माणसांचा त्यांत मागमूस नाही, आणि कुठे कोपऱ्यात एखादी आकृती दिसलीच तर ती इमारतीची उंची कळावी म्हणून उभी केल्यासारखी असते.

२२ जून १८९७ ला याच इमारतीत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. तिथून रात्री परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. प्लेगच्या काळात घराघरांत सोजीर घुसवणाऱ्या रँडच्या कारभाराचा तो सूड होता. त्यानंतर जेमतेम बावन्न वर्षांनी, १० फेब्रुवारी १९४९ ला, पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि ४११ एकरांचा हा परिसर विद्यापीठाच्या वाट्याला आला. जिथे निमंत्रणाशिवाय पाऊल टाकता येत नव्हते तिथे नाशिक-नगरकडची मुले पिशवीत दशम्या घेऊन प्रवेशाचा फॉर्म भरायला येऊ लागली. २०१४ पासून त्या दारावर सावित्रीबाईंचे नाव आहे. माझ्या लेखी या इमारतीच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी घटना. पण १८९० चा फोटो आणि १९५० चा फोटो शेजारी ठेवला तर दगड तोच, कमानी त्याच, मनोरा तोच. घडले काय ते दगडातून कळत नाही. ते कळायला आत आलेली माणसे दिसली पाहिजेत आणि ती कोण हे सांगता आले पाहिजे. वारसा म्हणून इमारत जपायलाच हवी. माझी तक्रार इतकीच की वारशाचा विचार आपण इमारतीपाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो.

माणसांचे फोटो इंग्रजांनी काढले नाहीत असेही नाही. भरपूर काढले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्यांनी आठ खंड छापले. त्यांत हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे चेहरे ओळीने लावलेले आहेत. माणूस समोर बसलेला, डोळे आपल्याकडे लावलेले, आणि खाली बहुतेक ठिकाणी फक्त जात किंवा जमात. नाव विचारायची गरजच वाटली नाही. नमुना हवा होता, तो मिळाला. आपल्या शाळेच्या भिंतीवरच्या फोटोखाली ‘इयत्ता सातवी, तुकडी ब’ एवढेच उरते, तेव्हा मला हे खंड आठवतात. हेतू वेगळा आहे, परिणाम फारसा वेगळा नाही.

वर्गाचा ग्रुप फोटो ही नंतरची गोष्ट. आधीच तयार केलेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या, तंबूचे बिऱ्हाड सुटले, आणि शाळेच्या पटांगणात तिवई लावणारा फोटोग्राफर दिसू लागला. तेव्हापासून या फोटोची रचना जणू ठरून गेली आहे. मधल्या खुर्चीत मुख्याध्यापक, दोन्ही अंगांना ज्येष्ठतेप्रमाणे शिक्षक, मागे बाकांवर उंच मुले, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली लहान मुले. आणि एका कडेला, खुर्च्यांच्या ओळीपासून हातभर अंतरावर, शिपाई. टोपी सरळ, हात बाजूला. खालच्या ओळीत ‘बसलेले (डावीकडून)’, ‘उभे (डावीकडून)’ अशी नावे असतात. ती वाचत गेलो की शेवटचा माणूस कित्येकदा सुटलेला असतो, किंवा नुसता ‘शिपाई’ असतो. शाळेची घंटा ज्याने तीस तीस वर्षे दिली तो.

शिपायाचा विषय निघाला की मला साताऱ्याची शाळा आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात त्याचा क्रमांक १९१४. तो दिवस आज विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. हा मुलगा वर्गात इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे आणि ते गोणपाट रोज घरी परत नेई, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवले आहे.

आता कल्पना करा, त्या वर्षी त्या वर्गाचा फोटो निघाला असता. फोटोग्राफरने सगळ्यांना उन्हात आणून रांगेत बसवले असते. गोणपाट खोलीत राहिले असते. शंभर वर्षांनी आपण तो फोटो पाहून म्हटले असते, किती छान, सगळी मुले एकत्र! फोटो खोटे बोलला नसता, पण त्याने खरेही सांगितले नसते. खरे सांगते ते रजिस्टर आणि त्या मुलाने पुढे लिहिलेली हकीकत. फोटो, दप्तर आणि आठवण ही तिन्ही एकमेकांना लावली तरच शाळेचा इतिहास हाती लागतो. त्यांतला एकटा फोटो उचलून आपण जे गहिवरतो, ते गहिवरणे मला अपुरे वाटते.

नाव लिहिलेले असले म्हणजे काम झाले असेही नाही. ते कुणी लिहिले आणि केव्हा, हेही पाहावे लागते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात घेतलेला एक फोटो अनेकांनी पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई जोशी, जपानी वेशातल्या केई ओकामी आणि सीरियन वेशातल्या साबात इस्लांबुली. तिघी तीन देशांतून आलेल्या, तिघी वैद्यक शिकणाऱ्या. फोटोखाली नावे आहेत आणि प्रत्येक नावाआधी ‘डॉक्टर’ आहे. पण फोटो काढला त्या दिवशी तिघींपैकी कुणीही डॉक्टर झालेले नव्हते. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लांबुलींना १८९० मध्ये. म्हणजे ती ओळ १८९० मध्ये किंवा त्यानंतर केव्हातरी लिहिली गेली. आनंदीबाईंच्या गावाचे स्पेलिंगही तिथे पार बिघडलेले आहे. गाव असावे कलकत्त्याजवळचे सेरामपूर, जिथे त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात होते आणि जिथून त्या अमेरिकेला निघाल्या. सीरियन बाईंच्या नावाचे पहिले अक्षरही चुकले आहे. हे दुरुस्त करायला लिहिणाऱ्याने कुणाला विचारायचे? आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या होत्या.

इतक्या गाजलेल्या, इतक्या काळजीने जपलेल्या फोटोची ही कथा. तरीही ती चुकलेली ओळ होती म्हणूनच हा माग काढता आला. नावे नसती तर ‘परदेशी पोशाखातल्या तीन विद्यार्थिनी’ एवढ्यावर विषय संपला असता.

बायकांच्या नावांचा गुंता याहून खोल आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. माझ्या आईच्या अकरावीच्या वर्गाचा एक फोटो घरी आहे. दोन वेण्या, रिबिनी, काही जणी साडीत. मागच्या बाजूला तिने निळ्या शाईने नावे लिहिली आहेत, अर्थात माहेरची. काही ठिकाणी नुसतेच ‘कुमी’, ‘सुधा’, आणि मागच्या रांगेत तीन प्रश्नचिन्हे. यांतल्या एकीचा पत्ता काढायचा म्हटले तर शाळेच्या दप्तरात एक नाव, लग्नानंतर दुसरे आडनाव, कित्येकदा पहिले नावही बदललेले, आणि माजी विद्यार्थिनींच्या यादीत नुसतेच ‘सौ.’ लावलेले तिसरेच काही. मुलगा त्याच आडनावाने निवृत्त होतो, त्याच्यावर गौरवग्रंथ निघतो, त्यात त्याचा शाळेतला फोटो येतो. मुलगी मात्र दाखल्यावरच्या नावासकट हरवते. पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून राज्यभर मुलींच्या शाळांतून किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या असतील! मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची चरित्रे लिहितो. शिकलेल्या मुली कोण होत्या, पुढे त्यांचे काय झाले, हे लिहायचे तर आधी ही माहेर-सासरची नावे जोडावी लागतील. ते जोडू शकणाऱ्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत.

या कामाला कुठे सुरुवात करायची हे फार अवघड नाही. शाळेचे जनरल रजिस्टर हे कायम जपायचे दप्तर. दाखला काढायला लोक आजही येतात म्हणून ते बहुतेक ठिकाणी शाबूत असते. फोटोवरचे वर्ष आणि इयत्ता कळली तर त्या वर्गात कोण होते त्याची यादी तिथून मिळते. चेहऱ्याला नाव लावायला मग माणसे लागतात, पण निदान कोणत्या नावांतून निवडायचे ते कळते. दुसरे साधन स्मरणिका. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव यांच्या स्मरणिका आपण रद्दीत घालतो. पण कित्येकदा मूळ फोटो कसरीने खाल्लेला असतो आणि त्याची नावांसकट छापलेली प्रत एवढीच उरलेली असते. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी शिरले तेव्हा नदीकाठच्या पेठांत किती घरांतले, किती संस्थांचे कागद गेले याची मोजदाद नाही. अशा वेळी कोणाच्या तरी गावच्या ट्रंकेत पडलेली स्मरणिकाच कामाला येते.

फोटो हाताळण्याचेही पथ्य आहे. चांगल्या हेतूने आपण फोटो लॅमिनेट करतो आणि तो कायमचा अडकवून ठेवतो. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव उठवलेले असते, ते स्कॅन करताना कापून टाकतो. मागे बॉलपेनने लिहितो, त्याची रेघ पुढून उमटते. मऊ पेन्सिलीने लिहावे, पुठ्ठ्यासकट आणि मागच्या बाजूसकट स्कॅन करावे, नाव कुणी सांगितले तेही नोंदवावे, आणि खात्री नसेल तिथे तसे लिहावे. आता तर यंत्राकडून जुने फोटो रंगवून घ्यायची टूम निघाली आहे. कुणाची साडी हिरवी होते, कुणाची जांभळी. तो रंग कुणी पाहिलेला नसतो. पुढच्या पिढीला तो खरा वाटणार. नावाचा पत्ता नाही आणि साडीचा रंग मात्र भरलेला, हे मला अतिशय खटकते.

एक आक्षेप गंभीर आहे. रजिस्टरात जात असते, वडिलांचा व्यवसाय असतो, शाळा सोडल्याचे कारण असते. हे सगळे उघड्यावर आणावे का? मुळीच नाही. जिवंत माणसाला आपल्या गरिबीची किंवा जातीची नोंद भिंतीवर नको असेल तर तो त्याचा अधिकार आहे, आणि ज्या समाजात आडनावावरून अजून माप काढले जाते तिथे हा अधिकार जपलाच पाहिजे. फोटोखाली नाव आणि वर्ष यावे. बाकीचे रकाने दप्तरात राहावेत, अभ्यासकाला रीतसर परवानगीने दिसावेत. आणि कुणी म्हटले, माझे नाव नको, तर ते गाळावे. पण मी आजवर पाहिले आहे ते उलटे. वयस्क माणसे फोटोवर बोट ठेवून ‘हा मी’ म्हणतात तेव्हा आपले नाव खाली यावे असेच त्यांना वाटत असते. विशेषतः त्यांना, ज्यांच्या घरातले शाळेत गेलेले पहिले माणूस तेच होते. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांत मुलांनी स्वतः अंगमेहनत करून शिक्षण घेतले. अशा शाळांच्या उद्घाटनाच्या फोटोत पाहुण्यांची नावे मिळतात. ज्यांच्या हातांनी दगड वाहिले त्यांचीही मिळायला हवीत.

आज फोटोंचा तुटवडा नाही. कॉलेजांत तर महापूर आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक कार्यक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो, म्हणून वृक्षारोपण असो की व्याख्यान, फोटोच्या खालच्या पट्टीत अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पिन कोड सगळे उमटते. जागा दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत नोंदलेली. माणसे मात्र कोण, ते कुठेच नाही. फाइल मूल्यांकन समितीपुढे जाते, श्रेणी मिळते, आणि संगणक बदलला की ती फाइलही जाते. पन्नास वर्षांनी कुणी हे फोटो उघडले, तर कार्यक्रम नेमका कुठे झाला हे त्याला कळेल आणि त्यात कोण होते हे कळणार नाही. साताऱ्याच्या शाळेने १९०० साली एका शाईच्या ओळीत जे करून ठेवले, ते आपण इतकी साधने हाताशी असून करत नाही.

दहावीच्या निरोप समारंभाला अजूनही फोटोग्राफर येतो, बाके लावली जातात, उंचीप्रमाणे उभे केले जाते. वर्गशिक्षकाकडे हजेरीपट असतोच. फोटो निघाला की मुले पांगण्याआधी रांगेने, डावीकडून, पूर्ण नावे उतरवून घ्यायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एक प्रत फोटोच्या मागे लावावी, एक शाळेच्या दप्तरात, एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयात. शिक्षकांची यादी मुख्याध्यापकांपासून सुरू होते. तीच यादी शिपाईमामा आणि मावशींपर्यंत न्यावी, त्यांच्या नावा-आडनावासकट.